आत्याच्या घोडीचे दोन डोस

अन्याय झाला तो माझ्या आत्याच्या घोडीवर. ब्याण्णव साली, आखाजीनंतरच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरच्या पहिल्या गुरुवारी, सकाळी अकराच्या सुमाराला, भर वरातीत. नवरदेव मारुतीच्या पाया पडायला निघाला होता, पुढे बँड, मागे बायका, आणि ऐन चौकात घोडी खोकली. एकदा खोकून थांबली नाही. ड्रमवर काठी पडली की ही खोकायची, आणि ही खोकली की नवरदेव वीतभर वर उडायचा. तिसऱ्या खोकल्याला त्याचं बाशिंग नाकावर आलं. चौथ्याला बँडमास्तरने हात वर करून वाजवणं थांबवलं आणि आत्याला विचारलं, "अक्का, इना ताल धरू का मना?"

लोक पोट धरून हसले. मीही हसले असते. पण तो खोकला साधा नव्हता, विषाणूचा होता. त्या विषाणूवरची लस तोवर तयार झाली होती. आणि ती लस काम करते की नाही हे पाहण्यासाठी जी जनावरं मुद्दाम बिनलसीची ठेवली होती, त्यांत ही घोडी होती. म्हणजे ही खोकली म्हणून लस सिद्ध झाली. त्या बदल्यात हिला काय मिळालं, ते सांगायला हे लिहिते आहे. पत्रकात मावलं असतं तर पत्रकच काढलं असतं.

पहिल्यापासून सांगते.

आमचं गाव सुरत-भुसावळ लाईनवरचं. स्टेशनबाहेर कडुनिंबाखाली टांग्यांचा स्टँड. लग्नसराई आली की त्यातल्या पांढऱ्या घोड्या टांग्यातून सुटून वरातीला लागायच्या, आणि सराई संपली की परत धुळे रोडच्या सवाऱ्या. आत्याचे यजमान गेल्यावर लगाम आत्याने हातात घेतला. ज्या गल्लीतून आमच्या आजोबांना चपला काखेत मारून जावं लागायचं, त्याच गल्लीतून आत्या घोडीचा लगाम धरून पुढे चालते आणि मागे गल्लीतल्याच घरचा नवरदेव गुमान बसलेला असतो. मला हे दृश्य फार आवडतं. आत्याला विचारलं तर ती म्हणते, "दृश्य बिश्य काही नही. पाय दुखतस."

स्टँडचा कायदा एकच, नंबर. झाडाखाली पत्र्याचे बिल्ले होते, एक, दोन, तीन असे रंगवलेले. पुढे उभा असेल त्याच्या घोड्याच्या गळ्यात एक नंबर. त्याला सवारी मिळाली की तो बिल्ला मागच्याच्या गळ्यात. कलेक्टर आले असते तरी त्यांना पुढच्याच टांग्यात बसावं लागलं असतं. यात सूट एकच. बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचं असेल किंवा असंच काही अडलं असेल, तर नंबर असलेला माणूस आपण होऊन नंबर सोडू शकतो. सोडलेला नंबर बुडत नाही. पुढच्या वेळी त्याला पहिला मान. हा कायदा सांभाळायला स्टँडवरचे सगळ्यांत जुने टांगेवाले होते, त्यांना सगळे नाना म्हणायचे. स्टँडवर एकुलता एक नर घोडा नानांचा, लाल रंगाचा, मालकाइतकाच तापट.

त्या वरातीच्या काही वर्षं आधी घोड्यांच्या खोकल्याची मोठी साथ आली होती. स्टँडवर पाण्याचा हौद एकच, त्यामुळे आठवड्याच्या आत सगळा स्टँड खोकत होता. ताप, नाकातून पाणी, आणि टांग्याला जुंपायची सोय नाही. जुंपलं की घोडं छाती भरून खाली बसतं. सगळी सराई बसून गेली. मी तेव्हा अमळनेरला कॉलेजात शिकत होते आणि पत्रकं काढायला नुकतीच लागले होते. वाचनालयात कुठेतरी वाचलं की शर्यतीच्या घोड्यांना या रोगावर परदेशातून लस आणून देतात. माझ्या अंगाची लाही झाली. पळणाऱ्या घोड्याला लस आणि ओढणाऱ्या घोड्याला काढा?

मी पत्रक लिहिलं आणि छापायला धुळ्याला नेलं. मथळा होता 'घोड्यांच्या जिवाशी खेळ थांबवा!' मी छापखानेवाल्याला सांगितलं, वर घोड्याचं चित्र पाहिजे. त्याच्याकडे घोड्याचा ठसा एकच होता, लग्नपत्रिकेचा. फेटेवाला नवरदेव घोडीवर, पुढे सनईवाला. म्हणाला, "ताई, घोडा आहे ना यात? मग?" वर त्याने गुलाबी कागद वापरला, कारण तोच शिल्लक होता.

पत्रकं बाजाराच्या दिवशी वाटली. एवढी वाचली गेलेली पत्रकं मी आयुष्यात पाहिली नाहीत. लोक हातात घेत, चित्र बघत, आणि विचारत, "लगीन कोनं शे?" एक म्हातारे तर पूर्ण पत्रक वाचूनही म्हणाले, "ते बठ्ठं ठीक शे पोरी, पन जेवाले कोठे येवानं?"

तरी मी एक प्रत पोस्टाने उत्तरेकडच्या त्या सरकारी संस्थेला पाठवली, जिथे घोड्यांच्या रोगांवर संशोधन चालतं असं ऐकलं होतं. त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, एक्याण्णवच्या दिवाळीनंतर, एक जीप स्टँडवर थांबली. आतून बर्फाची पेटी आणि एक डॉक्टर उतरले. नागपूरकडचे होते, तरुण, चष्म्यावर धूळ. खिशातून गुलाबी कागद काढून मला म्हणाले, "हे तुम्हीच लिहिलंय? आमच्या साहेबांनी आहेर किती पाठवायचा विचारलं होतं."

पत्रकामुळेच आले, असं मी तेव्हापासून सांगत आले आहे. डॉक्टरांचं म्हणणं असं की एकाच हौदावर पाणी पिणारे, एकाच जागी उभे राहणारे इतके घोडे त्यांना दुसरीकडे मिळत नव्हते. असेल. पण हौद काही पोस्टाने जात नाही.

डॉक्टरांनी झाडाखाली सगळ्यांना बसवून लस समजावून सांगितली. मागच्या साथीत आजारी घोड्याच्या नाकातून कापसाच्या बोळ्याने विषाणू घेतला, तो कोंबडीच्या अंड्यात वाढवला, मग औषधाने मारला, आणि तो मेलेला विषाणू सुईने द्यायचा. अंगाला शत्रूची ओळख पटते आणि खरा आला की अंग तयार असतं.

माणसं शांतपणे ऐकत होती. अंड्यापर्यंत.

"अंडामा?" आत्या उठून उभी राहिली. "मनी घोडीनी कधी अंडं खादं नही. शेठना घरनं लगीन राहस. त्या इचारतीन त काय सांगू?"

"अक्का, अंडं खायला द्यायचं नाहीये. सुई मानेत."

"मानमा गयं म्हंजे पोटमा नही जास का?"

नानांनी तोड काढली. घोडी वरातीत शेठच्या दारी जाते ती पायाने जाते, मानेने नाही. हा युक्तिवाद मला आजही कळलेला नाही, पण स्टँडला पटला.

मग डॉक्टरांनी नवेकोरे चकचकीत बिल्ले काढले, प्रत्येक घोड्याच्या गळ्यात एकेक बांधला आणि रक्त घेतलं. एक, तीन, पाच अशा नंबरांना लस दिली. दोन, चार, सहाला काही नाही. नानांचा लाल घोडा पाच नंबर, त्याने सुई घेताना डॉक्टरांच्या सहायकाची टोपी खाल्ली. आत्याची घोडी दोन नंबर. हे सगळं उघड, सगळ्यांसमोर. निम्म्यांना मिळालं नाही तरी कुणी चकार शब्द काढला नाही. मला आश्चर्य वाटलं, मी भांडायच्या तयारीने गेले होते. डॉक्टर खूश झाले. महिन्याने दुसरा डोस द्यायला येतो म्हणाले आणि गेले.

महिन्याने आले. बिल्ले बघत, रक्त घेत ते पाच नंबरपाशी पोचले आणि थांबले. चष्मा काढला, पुसला, वाकून घोड्याच्या पोटाखाली बघितलं. पुन्हा बघितलं.

"हा पाच नंबर घोडा होता."

"व्हता," नाना म्हणाले. "आते घोडी शे."

"महिन्याभरात?"

"महिना कसाना? रोज बदलस."

मग उलगडा झाला. स्टँडने जुने गंजके बिल्ले फेकून डॉक्टरांचे नवे चकचकीत बिल्ले नंबरासाठी वापरायला घेतले होते. दिवसातून कितीदा तरी ते या गळ्यातून त्या गळ्यात जात होते.

"साहेब, बिल्ला घोडाना नही," नानांनी समजावलं, "बिल्ला जागाना शे."

आणि म्हणूनच पहिल्या दिवशी कुणी कुरकुरलं नव्हतं. आज ज्यांना मिळालं त्यांचा नंबर मागे गेला, पुढच्या खेपेला उरलेल्यांना. सगळ्यांना एकेक. स्टँड त्याच हिशोबाने उभा होता. आत्या तर घोडी पहाटे खरारा करून घेऊन आली होती, गळ्यात एक नंबर, पुढच्या जागी. तिची पाळी होती.

डॉक्टर डोक्याला हात लावून हौदाच्या कठड्यावर बसले. पहिली सुई कुणाला दिली होती ते स्टँडवरच्या प्रत्येकाला तोंडपाठ होतं, त्यामुळे घोडे परत ओळखणं हा प्रश्नच नव्हता. प्रश्न न्यायाचा होता. डॉक्टरांचं म्हणणं, ज्यांना पहिला डोस दिला त्यांनाच दुसरा द्यायचा, तेव्हाच लस पक्की होते. सगळ्यांना एकेक दिला तर कुणालाच धड उपयोग नाही, आणि लस चालते की नाही तेही कळणार नाही. स्टँडचं म्हणणं नानांनी एका वाक्यात सांगितलं, "एकले दोन आनि एकले काहीच नही, आसं आठे चालत नही."

आता मी पुढे झाले. कशासाठी शिकले होते?

"सगळ्यांना दोन-दोन द्या," मी म्हणाले.

"आणलेत निम्म्यांपुरतेच."

"मग आणखी आणा."

"आणले आणि सगळ्यांना दिले, आणि सराईत कुणीच खोकलं नाही, तर लसीमुळे वाचले की साथच आली नाही, हे कसं कळायचं?"

"म्हणजे निम्म्यांनी खोकायचं आणि तुम्ही बघत बसायचं?"

"हो," डॉक्टर म्हणाले.

सरकारी माणूस सारवासारव करणार, मग मी त्याची सालटी काढणार, असा बेत होता. समोरचा सरळ हो म्हणाला की पत्रकाचा पुढचा परिच्छेदच सुचत नाही.

डॉक्टर उठले. बर्फ वितळत होता. स्टँडला मान्य नसेल तर आपण दुसरं गाव बघतो, पाचोऱ्याकडे काही टांगे आहेत, असं म्हणून ते पेटीचं झाकण लावायला लागले. नाना हलेनात. "बठ्ठासले सारखं, नही त कोनलेच नही." पण बोलताना त्यांची नजर पेटीवर होती. मागच्या साथीत त्यांचा थोरला घोडा गेला होता, खोकता खोकता जुंपला म्हणून. लस गेली तर पुढच्या सराईला काय होणार, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. पण पाळी मोडायची कुणी? कायद्याप्रमाणे ती फक्त नंबर असलेला सोडू शकतो. आणि एक नंबर आत्याच्या घोडीच्या गळ्यात होता.

सगळे आत्याकडे बघायला लागले. आत्या घोडीकडे.

"डाक्टर," ती म्हणाली, "मी नंबर सोडा, त मना नंबर बुडाले नको."

"नाही बुडणार. सराई संपली की आज राहिलेल्या सगळ्यांना लस देऊ. पूर्ण."

"पूर्ण म्हंजे कितला?"

"दोन डोस."

"हात दे."

डॉक्टरांनी हात पुढे केला. आत्याने खांद्यावरचा टॉवेल त्यांच्या हातावर टाकला आणि आपला हात त्याखाली घातला. सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्याचा सौदा असाच होतो. कापडाखाली बोटं दाबून आकडा सांगायचा, आणि एकदा दाबलं की फिरायचं नाही. डॉक्टरांना हे ठाऊक नव्हतं. ते घाबरून माझ्याकडे बघत राहिले.

"त्या तुमची दोन बोटं दाबतील," मी सांगितलं. "तुम्हीही दोन दाबा."

"आणि तीन दाबली गेली तर?"

"तर तीन डोस."

त्यांनी फार जपून दोन दाबली. आत्याने टॉवेल ओढून खांद्यावर टाकला, घोडीच्या गळ्यातला बिल्ला सोडला आणि स्वतः मागे जाऊन उभी राहिली. तिच्यामागून बाकीच्या बिनलसीवाल्यांनीही आपापले नंबर सोडले. दुसरा डोस दिला गेला. या खेपेला सहायकाने टोपी घरीच ठेवली होती, म्हणून नानांच्या घोड्याने रुमाल खाल्ला.

बिल्ल्यांवरचा डॉक्टरांचा विश्वास उडाला होता. त्यांनी कात्री घेऊन प्रत्येकाच्या मानेवरचे केस कापून नंबर काढले. हे नंबर काही गळ्यातून गळ्यात जाणार नव्हते. त्या सराईतल्या लग्नांचे अल्बम बघा, अमळनेरपासून धरणगावपर्यंत. नवरदेव हसतोय, आणि त्याच्या गुडघ्यापाशी घोडीच्या मानेवर भला मोठा सात. आत्या झेंडूचा हार लावून आपल्या घोडीचा दोन झाकायची. घोडी हार खायची.

आणि मग आखाजी झाली, आणि गुरुवार आला.

खोकला कुठून आला कोण जाणे, बहुतेक बाहेरगावच्या वरातीतून. पण आला तो नेमका हिशोबाने आला. कात्रीने ज्यांच्या मानेवर दोन, चार, सहा काढले होते ती जनावरं एकामागून एक खोकायला लागली. लसवाले त्याच हौदावर पाणी पीत होते आणि मजेत होते. नानांचा लाल घोडा तर त्या दिवसांत जास्तच माजला.

चौकात थांबलेल्या त्या वरातीचं मात्र पुढे काय करायचं? नवरदेवाचा मामा तणतणत होता, "अक्का, मुहूर्त निघी जास!" आत्याने एकच सांगितलं, घोडी इथून पुढे एक पाऊल टाकणार नाही. मागच्या साथीत ती शिकली होती, खोकत्या जनावराला चालवायचं नाही. मग वऱ्हाडातल्या कुणाची तरी एम-एटी पुढे आली. आत्याने घोडीची जरीची झूल काढून सीटवर अंथरली, तुरा हँडलला बांधला, नवरदेवाला त्यावर बसवलं आणि स्वतः हँडल धरून पुढे चालायला लागली. गाडी बंदच होती, मागून दोघे ढकलत होते. बँडमास्तर म्हणाला, "आते ताल जमना."

मारुतीपाशी पोचल्यावर मामा म्हणाला, घोडी अर्ध्या वाटेपर्यंतच आली. आत्या म्हणाली, घोडीपेक्षा महागाचं वाहन दिलंय, बोलू नका.

घोडीला पुढचे कित्येक दिवस आत्याने सावलीत बांधून ठेवलं. डॉक्टर तार मिळताच आले, रक्ताच्या नळ्या भरल्या, कान लावून छाती ऐकली. परतताना त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद लपत नव्हता. लस चालली होती. बिनलसीचं जनावर खोकलं की ते हळहळायचे आणि लगेच कागदावर काहीतरी लिहून खूश व्हायचे. आत्याने ते बघितलं. "तुले हसू येस," ती म्हणाली. डॉक्टर ओशाळले. खरं सांगायचं तर माणूस चांगला होता. जाताना म्हणाले, "दोन डोस. विसरलो नाही."

ते विसरले नसतील. त्यांची बदली झाली. त्यांच्या जागी आलेल्यांशी आत्याने बोटं दाबली नव्हती. त्यांनी लिहिलं, लस सिद्ध झाली आहे, आता पुढची व्यवस्था राज्याच्या खात्याकडे. खात्याने लिहिलं, मागणी वर कळवली आहे. वर म्हणजे कुठे, ते कुणी लिहिलं नाही. बाकी मोठ्या तबेल्यांना लस मिळते, असं ऐकते. ज्यांच्या खोकल्यावर ती पारखून घेतली, त्यांना नाही. मी त्यावर तीन पत्रकं काढली, पांढऱ्या कागदावर, बिनचित्राची. कुणी वाचली नाहीत.

आत्या पत्रक काढत नाही. ती दर सोमवारी घोडी जनावरांच्या दवाखान्यात घेऊन जाते आणि फाटकाला बांधून बाजूला बसते. तिथले डॉक्टर भले आहेत, हात जोडतात. "अक्का, माझ्याकडे कोंबड्यांची लस आहे, घोड्यांची खरंच नाही."

"माले म्हाईत शे," आत्या म्हणते. "मी तुले नही दखाडत. लोकसले दखाडस."

आता पंच्याण्णव साल आहे. लोक येतात, म्हशी घेऊन येतात, बकऱ्या घेऊन येतात, घोडीला वळसा घालून आत जातात. कुणी विचारत नाही, ही इथे का बांधली.

म्हणून आता तुम्हाला सांगते, जे हे वाचताय. येत्या सोमवारी तुमच्या तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात जा. तुमच्याकडे घोडं नसलं तरी जा, रिकाम्या हाताने जा. आत जाऊन मोठ्याने विचारा, घोड्यांच्या खोकल्याची लस कधी येणार, आणि दोन्ही डोस येणार की एकच? मागणी वर कळवली आहे, असं उत्तर आलं तर मान डोलावून घरी येऊ नका. वर कोणाला कळवली, ते लिहून मागा, आणि हातात पडेपर्यंत तिथून उठू नका.